उच्छ्वासाची नळी

यंत्र बिघडलें म्हणजे त्यांतलें कांहीं तरी मोडलें असलें पाहिजे, असें आपण सामान्य माणसें धरून चालतों. मोडणें ही गोष्ट डोळ्यांना दिसते, हाताला लागते, आणि तिच्यावरचा इलाजही ठरलेला असतो : मोडलेलें काढावें, नवें बसवावें, पैसे मोजावे. परंतु यंत्रांच्या दुखण्यांत आणखी एक जात आहे, आणि ती ह्याहून फार फसवी आहे. ह्या जातींत मोडलेलें कांहींच नसतें. प्रत्येक भाग आपापल्या ठिकाणीं धड असतो. फक्त दोन धड भागांमधला सांधा सैल झालेला असतो. अशाच एका केसाएवढ्या फटीनें गेल्या वर्षीं आमच्या कुटुंबांतल्या चार माणसांना पंधरा दिवस घोर लावला. त्याची हकीकत सांगावी, आणि त्या निमित्तानें एंजिनाच्या श्वासोच्छ्वासाविषयीं चार शब्द लिहावे, असें फार दिवस मनांत होतें.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं, अशा पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाचा आणि दोन आसनांच्या उघड्या स्पोर्ट्स मोटारीचा संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध माझा नव्हे, माझ्या वडील बंधूंचा. दादांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यांत झाली. जीपमधून धरणें आणि कालवे पाहत हिंडायचें, घरीं काटकसरीनें राहायचें, आणि भोरच्या वडिलोपार्जित घराचीं कौलें दर उन्हाळ्यांत स्वतः उभें राहून चाळून घ्यायचीं, हा त्यांचा क्रम. निवृत्त झाल्यावर मात्र ह्या गृहस्थांनीं एके दिवशीं एक वापरलेली, लाल रंगाची, बसकी गाडी दारांत आणून उभी केली. वहिनींनीं विचारलें, “हिच्यांत सामान कुठें ठेवायचें ?” दादा म्हणाले, “सामान नेण्यासाठीं ही घेतलेलीच नाहीं.” त्यांच्या आयुष्यांतली ही एकच चैन होती, आणि ती त्यांना जेमतेम चार वर्षें लाभली.

स्पोर्ट्स मोटार हें परदेशी श्रीमंतांचेंच खूळ आहे, असें मात्र समजूं नये. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या शेजारच्या गोव्यांत ‘सॅन स्टॉर्म’ नांवाची दोन आसनी उघडी गाडी तयार होऊं लागली होती. तिची काया फायबरग्लासची आणि एंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचें होतें. पुढें २०१२ सालीं दिल्लीच्या मोटार-प्रदर्शनांत ‘डीसी अवंती’ नांवाची एतद्देशीय स्पोर्ट्स मोटार लोकांसमोर आली. दादांची गाडी ह्या दोहोंपैकीं नव्हती. ती कोणाची होती हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण जो दोष पुढें निघाला तो घडविणाऱ्याच्या हातचा नव्हता.

दादा गेल्यानंतर गाडी पुण्याला माझ्या बिऱ्हाडाखालीं येऊन राहिली. सहा महिने उलटल्यावर वहिनींनीं ती विकण्याचें ठरविलें. पुतणी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत गेली होती. तिचें शुल्क भरण्याची मुदत जवळ येत होती, आणि मुदतीच्या ठेवी मोडण्यापेक्षां गाडी मोडावी हा विचार सरळच होता. गिऱ्हाईकही मिळालें. आणि नेमकें त्याच वेळीं गाडीनें अंग टाकलें.

लक्षणें अशीं होतीं. गाडी जागच्या जागीं चालूं ठेवली कीं एंजिन थरथरे. त्याची गति मध्येंच चढे, मध्येंच पडे. पुढच्या झांकणाखालून एक बारीक शीळ ऐकूं येई. तापलेल्या तेलाचा वास आंत बसणाऱ्याच्या नाकाशीं दरवळे. समोरच्या तक्त्यावर एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागून राहिला होता. आणि चमत्कार असा, कीं रस्ता मोकळा मिळून गाडीनें वेग घेतला म्हणजे हीं सारीं लक्षणें नाहींशीं होत. सिग्नलपाशीं थांबावें, कीं पुनः सुरू!

पुण्यांतल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्यें गाडी दाखविली. तेथें गाडीला संगणक जोडण्यांत आला. त्यानें सांगितलें, कीं पेट्रोल आणि हवा ह्यांच्या मिश्रणांत हवा अधिक होते आहे. तेलाची पातळी थोडी उतरली होती, तेलाचा वास तर येतच होता. ह्या सर्वांवरून निदान झालें तें असें : दट्ट्यांच्या रिंगा झिजल्या आहेत, एंजिन पूर्ण उघडलें पाहिजे. खर्चाचा आंकडा दीड लाखाच्या वर होता. गाडीच्या किमतींतून तो वजा केला असतां शुल्कापुरतेही पैसे उरत नव्हते. एका दलालानें दुसरा उपाय सुचविला. तो म्हणाला, “दिवा मी विझवून देतों. तो पुनः लागायला दोन दिवस लागतील, तेवढ्यांत गाडी देऊन टाका.” हा सल्ला मीं वहिनींच्या कानांवर घातला, कारण गाडी त्यांची होती. त्या फोनवर क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, दिवा विझवून विकायची असेल तर ती विकूं नका. तिला झालं आहे तरी काय, तें आधीं कळूं द्या. आणि एकदां इकडे घेऊन या. जायच्या आधीं मला पाहायची आहे.”

म्हणून दिवाळीनंतरच्या एका रविवारीं मी गाडी घेऊन भोरला निघालों. भोरला जायचें तर सरळ महामार्गानें कापूरहोळपर्यंत जाऊन वळावें, हा शहाणपणाचा मार्ग. पण दादांचा आवडता रस्ता दुसरा होता. खडकवासल्यावरून सिंहगडाच्या अंगानें खानापूर गांठायचें, पाबे घाट चढून वेल्ह्याला उतरायचें, आणि नसरापुरावरून भोरकडे वळायचें. (वेल्हे तालुक्याला राजगड हें नांव देण्याचा निर्णय शासनानें २०२४ सालीं घेतला, पण गांव आपलें वेल्हेंच आहे.) घाटमाथ्यावरून तोरणा आणि राजगड हे दोन्ही किल्ले एकाच नजरेंत भरतात. तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच. पुणें जिल्ह्यांतला तो सर्वांत उंच किल्ला. चढावर गाडी कांहीं कुरकुरली नाहीं. वेल्ह्याच्या बाजारपेठेंत एका बैलगाडीसाठीं थांबावें लागलें, आणि ती थरथरूं लागली.

रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराखालीं एक गॅरेज होतें. दारांत एक पिकअप, एक ट्रॅक्टर आणि टायरांची चळत. चाळिशींतला मिस्त्री हात पुसत बाहेर आला. असली गाडी त्यानें आजवर उघडली नव्हती, हें त्यानें आपण होऊनच सांगितलें. मी एंजिन बंद करूं लागलों तेव्हां तो म्हणाला, “सर, बंद नका करूं. बोलतीय तोवर ऐकूं द्या.”

मग त्यानें केलें तें असें. गॅरेजांतून हात-दीड हात लांबीचा रबरी पाइप आणला, त्याचें एक टोंक स्वतःच्या कानाशीं धरलें, आणि दुसरें टोंक एंजिनाच्या निरनिराळ्या सांध्यांवरून सावकाश फिरविलें. वैद्यानें नाडी पाहावी तसें. एका जागीं तो थांबला. तेथें बोटाएवढी जाड एक काळी नळी एंजिनाच्या डोक्यावरून निघून हवा आंत घेणाऱ्या नळकांड्याला मिळत होती, आणि तिच्या टोंकाभोंवतीं तेलकट काळी धूळ बसली होती. मिस्त्रीनें त्या सांध्यावर अंगठा दाबला. शीळ थांबली, थरथर थांबली, एंजिन एका लयींत फिरूं लागलें. अंगठा काढला, पुनः थरथर. दुसऱ्यांदां दाबला, काढला. तिसऱ्या वेळीं त्यानें माझा हात धरून तेथें माझा अंगठा ठेवला आणि म्हणाला, “बघा सर. दमा न्हाई हिला. नाकपुडी उघडी पडलीय.”

ही नळी म्हणजे एंजिनाची उच्छ्वास-नळी. मिस्त्री लोक तिला ब्रीदर पाइप म्हणतात. ती कशासाठीं असते, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सिलिंडरांत पेट्रोलचा स्फोट होतो आणि दट्ट्या खालीं ढकलला जातो. दट्ट्याभोंवतालच्या रिंगा कितीही घट्ट असल्या, तरी प्रत्येक स्फोटाबरोबर थोडासा वायू त्यांच्या कडेनें एंजिनाच्या पोटांत, जेथें तेल असतें तेथें, निसटतोच. नव्या एंजिनांतही निसटतो. ह्या वायूंत न जळलेल्या पेट्रोलची वाफ असते, पाण्याची वाफ असते, आम्लें असतात. तो आंत कोंडून राहिला तर तेल नासतें, दाब वाढतो, आणि सांध्यांसांध्यांतून तेल पाझरूं लागतें. म्हणून त्याला वाट करून द्यावी लागते.

जुन्या मोटारींत ही वाट म्हणजे रस्त्याच्या दिशेनें खालीं सोडलेली एक नळी असे. गाडी धांवूं लागली कीं वाऱ्याच्या ओढीनें पोटांतला वायू बाहेर पडे आणि रस्त्यावर उधळला जाई. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरविणारें तपकिरी धुकें दाटूं लागलें होतें. तेथील आरी हागेन-स्मिट ह्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानें दाखवून दिलें, कीं मोटारी आणि तेलाचे कारखाने ह्यांतून सुटणाऱ्या वाफांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तें तयार होतें. त्यानंतर पहिला सोपा उपाय झाला तो ह्या उच्छ्वासाचा. कॅलिफोर्नियांतल्या नव्या मोटारींत १९६१ च्या नमुन्यांपासून हा वायू बाहेर न सोडतां एंजिनाच्या हवेच्या वाटेंत परत नेऊन जाळला जाऊं लागला. आज आपल्याकडील सर्व मोटारींत तीच व्यवस्था आहे. एंजिन जो श्वास टाकतें तोच पुनः आंत घेतें.

आतां ही नळी सैल झाली म्हणजे काय होतें, तें सहज ध्यानांत येईल. एंजिन मंद फिरत असतां हवेच्या वाटेंत जोराचें शोषण असतें. तें शोषण सैल सांध्याच्या फटीतून बाहेरची हवा ओढून घेतें. ही चोरवाटेची हवा मोजमापांत नसते. म्हणून मिश्रण पातळ होतें, एंजिन थरथरतें, दिवा लागतो. त्याच फटीतून तेलकट वाफही बाहेर पडते. म्हणून वास येतो, आणि तेल थोडें उतरतें. आणि वेग घेतला कीं हवेचें मुख्य दार उघडतें, शोषण कमी होतें, फटीचा प्रभाव उरत नाहीं. संगणकानें सांगितलें तें खरें होतें, तेलाचा वास खरा होता, पातळी उतरली हेंही खरें होतें. सर्व पुरावा खरा असून त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा होता !

मिस्त्रीनें नळी काढून दाखविली. तिचें टोंक तेलानें आणि उष्णतेनें फुगून कडक झालें होतें, आणि पूर्वी केव्हां तरी कोणी ती काढून परत बसवितांना तोटीच्या उंचवट्यापलीकडे लोटलीच नव्हती. त्यानें कडक झालेला अर्धा इंच भाग कापून टाकला, तोटी पुसून घेतली, नळी उंचवट्यापलीकडे बसविली, आणि पेंचाची नवी क्लिप आंवळली. ही क्लिपही मोठी गंमतीची वस्तु आहे. पोलादी पट्टी, तिच्यावर तिरप्या खांचा, आणि त्या खांचांत फिरणारा एक पेंच. १९२१ सालीं ब्रिटिश आरमारांतल्या लम्ली रॉबिन्सन नांवाच्या अधिकाऱ्यानें तिचें पेटंट घेतलें. शंभर वर्षें उलटलीं. पण दोन गोष्टी एकमेकींना घट्ट धरून ठेवण्याची ह्याहून साधी युक्ति फारशी निघालेली नाहीं.

काम झाल्यावर मीं रिंगांविषयीं विचारलें. त्यानें एंजिन चालूं ठेवून तेल भरण्याच्या तोंडाचें झांकण काढलें आणि माझ्याकडे कागद मागितला. माझ्या खिशांत महाविद्यालयाच्या एका सभेची सूचना होती, ती त्यानें त्या तोंडावर अलगद धरली. कागद हळूच आंत ओढला जाऊन तेथें चिकटला. “रिंगा गेल्या असत्या तर ह्यो कागद उडाला असता, आन् हितनं धूर फेकला असता,” तो म्हणाला. “दिवा चार-दोन फेऱ्यांत आपोआप जाईल. महिनाभर चालवा आन् मग तेल बघा.” क्लिपचे साठ आणि हाताचे शंभर, असे एकशें साठ रुपये त्यानें सांगितले. मीं पांचशें दिले. त्यानें ते उगाच आढेवेढे न घेतां खिशांत घातले, हें मला आवडलें. ज्ञानाचा मोबदला घेतांना संकोच कां वाटावा ?

नसरापूरपर्यंतच्या रस्त्यावर माझ्या मनांत त्या अंगठ्याचाच विचार घोळत होता. समजा, त्या मोठ्या वर्कशॉपमध्यें एंजिन उघडलें असतें. नव्या रिंगा पडल्या असत्या, सर्व जोडणी पुनः झाली असती, आणि त्या जोडणींत कोणा कारागिरानें ही नळीही सहजच नीट बसविली असती. गाडी उत्तम चालूं लागली असती, आणि दीड लाख रुपये योग्य कारणीं लागले असें आम्हीं सर्वांनीं जन्मभर मानलें असतें. गुण आला म्हणजे निदान बरोबर होतें, असें सिद्ध होत नाहीं. एकदम दहा गोष्टी बदलल्या असतां त्यांतली कोणती लागू पडली हें कळायला मार्ग उरत नाहीं. मिस्त्रीच्या अंगठ्यानें मात्र एकच गोष्ट बदलली, आणि ती परत पूर्ववत् करून दाखविली. दाब, गुण, काढ, दोष, हें तीन वेळां. पुराव्याची ह्याहून निर्मळ रीत तर्कशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथांत मिळणार नाहीं.

त्या वर्कशॉपवर लबाडीचा आरोप करावयाचा माझा हेतु नाहीं. तेथील माणसांनीं आंकडा वाचला, आंकड्याला जुळणारें मोठें कारण निवडलें, आणि पुढच्या गाडीकडे वळलीं. एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. ही फट तशीच राहिली असती तर तिच्यांतून गाळणीवांचूनची धूळ आंत ओढली गेली असती, आणि त्या धुळीनें कांहीं वर्षांनीं रिंगा खरोखरच झिजल्या असत्या. लहान दोषाला मोठें नांव देऊन त्याकडे दुर्लक्ष केलें, तर तो कालांतरानें त्या नांवाला पात्र होतो.

भोर गांवाजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचें धरण आहे. १९२८ सालीं त्याचें उद्घाटन झालें, तेव्हां त्याला लॉइड धरण म्हणत. आतां त्याच्या जलाशयाला येसाजी कंकांचें नांव आहे. दादांचें तें अत्यंत आवडतें धरण. त्याला स्वयंचलित दरवाजे आहेत : पाणी ठराविक पातळीला पोहोंचलें कीं ते पाण्याच्याच भारानें उघडतात. दादा म्हणत, “भिंत कोणीही बांधील. भरलं म्हणजे सोडायचं कसं, ही खरी विद्या.” घरीं पोहोंचल्यावर मीं वहिनींना सारी हकीकत सांगितली, तेव्हां त्यांना हेंच वाक्य आठवलें. त्या अंगणांत येऊन गाडीपाशीं उभ्या राहिल्या. एंजिन चालूंच होतें, आणि त्याचा आवाज इतका सम होता, कीं ओटीवरून बोललेलें ऐकूं येत होतें. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, “ते गेले तेव्हां घर माणसांनीं भरलं होतं. तेरा दिवस मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आणि तेंच बरं होतं. आतां सगळं शांत झालं, आणि आतां जड जातं. कुणाशीं बोलावं हें कळत नाहीं.”

मी कांहीं बोललों नाहीं. बोलण्यासारखें त्यांनींच बोलून टाकलें होतें. संकटाच्या धांवपळींत कुटुंबांतले सर्व सांधे घट्ट भासतात. सगळे येतात, सगळे कामें करतात. तें ओसरून घर जागच्या जागीं उभें राहिलें म्हणजे कोठें तरी बारीक शीळ वाजूं लागते, आणि ती ऐकावयास जवळ कोणी असावें लागतें. त्या रात्रीं वहिनी उशिरांपर्यंत बोलत बसल्या होत्या. बहुतेक दादांविषयीं, कांहीं लेकीविषयीं, आणि बरेंचसें कौलांविषयीं. तेव्हांपासून महिन्यांतला एक रविवार मी भोरला असतों. सौभाग्यवतीही येतात. विशेष असें कांहीं आम्ही करीत नाहीं.

गाडी पुढच्याच महिन्यांत विकली गेली. तत्पूर्वीं पिवळा दिवा आपला आपण मालवला होता, आणि तेलाची पातळी एका रेषेनेंही हलली नव्हती. वहिनींच्या सांगण्यावरून मीं एका कागदावर सर्व लिहून दिलें : दोष काय होता, वर्कशॉपचें मत काय पडलें, दुरुस्ती कोणती झाली आणि तिला खर्च किती आला. घेणारा तरुण इंजिनियर होता. त्यानें कागद दोनदां वाचला, एंजिन चालूं करून तो बराच वेळ त्याच्या तोंडाशीं कान लावून उभा राहिला, आणि ठरलेल्या किमतींत एक पैसाही कमी न करतां व्यवहार पुरा केला. पुतणीचें शुल्क मुदतींत भरलें गेलें. निघतांना त्यानें विचारलें, “त्या मिस्त्रीचं गॅरेज नक्की कुठें आहे ?” मीं त्याला पाबे घाटाचा रस्ता सांगितला, आणि बरोबर पांचशेंची नोट सुटी ठेवायला सांगितली.